स्पेनच्या पोराची भाकरी

तुमच्या घरी रोज एक भाकरी जास्तीची थापली जाते, ती कुणासाठी, हे तुम्ही कधी आईला विचारलंत का?

मी विचारलं नव्हतं. वडूजहून सांगलीला निघालो त्या सकाळी ते आपोआप कळलं. लढाईचे दिवस होते. मोटार कोळशाच्या वायूवर चालायची आणि ड्रायव्हर मागच्या भट्टीत सळई घालून ढोसत होता. आईनं माझ्या हातात एक गाठोडं दिलं, मग पदराखालून दुसरं काढलं.

"ही त्या स्पेनच्या पोराची. सांगलीकडं गावला तर दे. हितं आला तर मी बांधावर ठेवतीच हाय."

माझा मित्र भिकू ट्रंक टपावर चढवत होता. तो वरूनच ओरडला, "काकू, ह्यो वाटंतच खाईल बगा! कराडसुद्धा गाठायचा न्हाई."

स्पेनचा पोरगा म्हणजे एक कवी. आमच्याकडं पुण्याहून चोरून पत्रकं यायची, त्यांच्या गठ्ठ्यात त्याच्या कवितांची एक इंग्रजी पुस्तिका आली होती. मी पत्रकांवर वाढलेला. कवितासुद्धा मी पत्रकासारखीच वाचायचो, मुठी आवळून. चुलीपुढं बसून मी तिचं मराठी करायचो आणि भिकूला ऐकवायचो; भाकरी थापता थापता आईही ऐकायची. त्याच्या देशात एका सेनापतीनं लोकांचं राज्य मोडलं होतं. शिपाई मागावर होते, कवी शेतातून, ऑलिव्हच्या झाडांखालून लपत चालला होता आणि आईच्या भट्टीतल्या भाकरीची आठवण काढत होता.

आईला ऑलिव्ह कळलं नाही. बाकीचं सगळं कळलं. बेचाळीसपासून आमच्या भागात घरोघरी हेच चाललं होतं. भूमिगत पोरांसाठी बाया एक भाकरी जास्तीची करायच्या आणि बांधावर बाभळीच्या फांदीला टोपलीत टांगून यायच्या. कोण नेतं ते बघायचं नाही, नाव विचारायचं नाही, हीच रीत. स्पेन तिला जतच्या पलीकडचं एखादं गाव वाटलं असावं. मी ते दुरुस्त केलं नाही. मोटार सुटली आणि भिकूचं म्हणणं खरं झालं. कराडच्या अलीकडेच मी स्पेनच्या पोराची भाकरी खाल्ली.

सांगलीत छापखान्यात चिकटलो. प्रुफं, शिसं, शाई, चहा-पाव. एका जैन व्यापाऱ्याच्या वखारीमागं खोली मिळाली, हळदीच्या वासाची. साम्राज्यशाहीवर जळजळीत लेख लिहायचो आणि फावल्या वेळात त्या कवीचं मराठी करायचो. त्याचं नवं पुस्तक हाती आलं तेव्हा कळलं, तो सुटला होता. समुद्र ओलांडून मेक्सिकोत पोचला होता. तिथल्या बाया मक्याची भाकरी तळहातावर थापतात, असं त्यानं लिहिलं होतं. आपली आई तिकडं वाट बघत असताना ती खायची लाज वाटते, असंही.

ते पान मी पुष्कळदा वाचलं. पुढं सरकवेना.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईला सांगून टाकलं, "आई, तो पोरगा इथं कधीच नव्हता. सातासमुद्रापार आहे. सुखरूप आहे."

"मग हितली भाकर रोज कोन न्हेतंय?"

"दुसरा कुणीतरी."

"मग झालं की." ती पीठ मळत राहिली. "तिकडं त्येला कुनाची तरी आई घालती. हितं मी कुनाला तरी घालती. तुला कोन घालतंय रं सांगलीत?"

खानावळ आहे, असं म्हणालो. तिनं पिठाचा आणखी एक गोळा तोडला.

पुढं स्वातंत्र्य आलं. मी त्यावरही लेख लिहिला, मथळा मोठ्या टाइपात लावला. घरी जायचं राहून गेलं. त्या कवितांचं मराठी पुस्तक पुरं व्हायचं होतं. यंदा भिकू शेंगा विकायला सांगलीला आला, तो पोतं छापखान्याच्या दारात टेकवूनच बोलू लागला.

"काकू अजून टोपली टांगत्यात, गड्या. सकाळी जशीच्या तशी असती. लपल्याली पोरं सगळी घरी आली, आता कोन न्हेनार?"

"मग बंद कर म्हणावं."

"म्या सांगितलं. तर मलाच म्हनाल्या, समद्यांची पोरं आली. माझ्या पोरावर कसलं वारंट हाय, तेवढं इचारून ये."

माझ्या हातात त्या कवीचं प्रूफ होतं. त्याला परत जाता येत नाही, अजून त्या सेनापतीचं राज्य आहे. त्याच्या न जाण्याला कारण आहे. मला वडूजची मोटार आहे, आणि ती आता पेट्रोलवर चालते.

घर म्हणजे काय, यावर मी खूप लिहू शकतो. पण माझं घर सध्या बाभळीच्या फांदीला टांगलंय आणि सकाळी कुणी न शिवता खाली उतरतंय. उद्याच्या मोटारीचं तिकीट काढलंय.

माझ्यासारखे घर सोडून आलेले जे हे वाचतायत, त्यांना एकच मागणं आहे. तुमच्यावर वारंट नसेल, तर या आठवड्यात उठा आणि गावी जा. लेख मागाहून लिहा. आधी तुमच्यासाठी झाकून ठेवलेली ती जास्तीची भाकरी आईसमोर बसून खा.