डी-चार, रक्त

जंतू ओळखणारं आमचं यंत्र फार हुशार, पण कोणता नमुना कुठे ठेवलाय हे त्याला आपणच सांगावं लागतं. स्टीलच्या पट्टीवरच्या एकेका गोलात एकेका नमुन्यातले जंतू लावायचे आणि कोणत्या गोलात कोणता नंबर, ते कॉम्प्युटरमध्ये भरायचं. नाशिकच्या लॅबमध्ये हे काम आम्ही दोघी करायचो. ताई यादी वाचायच्या, मी टाइप करायचे. त्या रोज मनमाडहून रेल्वेने यायच्या. माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या आणि महाकडक. "डी-चार, रक्त," म्हणजे गोल आणि नमुना, मग नंबर. मी भरून तेच मोठ्याने परत म्हणायचं आणि मग "पुढचं" म्हणायचं, हा त्यांचा नियम. मधे निफाडची द्राक्षं, नवऱ्याचं घोरणं, लेकीची परीक्षा, सगळं यायचं.

एकदा, टाइप करताना मान वाकडी ठेवते म्हणून त्यांनी मला सगळ्यांसमोर झापलं. मी फुगले. त्या दिवशी परत म्हणणं बंद, नुसती मान हलवत राहिले. त्यांनी एकदा चष्म्यावरून पाहिलं आणि, लाड म्हणूनच असेल, तसंच पुढे वाचलं. डी-चार आणि डी-पाचचे नंबर माझ्या हातून उलटसुलट झाले.

रिपोर्ट जाण्याआधी डॉक्टरांनी चूक पकडली, म्हणून पेशंट वाचले. साहेबांनी दोघींना बोलावलं. "माझंच वाचायला चुकलं," ताई म्हणाल्या. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. ताईंना नमुने घेण्याच्या खिडकीवर बसवलं, आणि वर्षभरात त्यांनी नोकरीच सोडली.

आता नंबर स्कॅनर वाचतो. टुक करतो, चुकत नाही. पण त्याला ना नवरा, ना लेक. सकाळी यादी हातात आली की अजूनही माझे कान ताईंच्या खुर्चीकडे लागतात. एवढी वर्षं झाली, मला ताई हव्यात, बस.

मागच्या आठवड्यात स्कॅनर बिघडला. नवी मुलगी यादी वाचायला बसली. मी सवयीने प्रत्येक नंबर परत म्हणत होते. "मॅडम, बरोबर आहे हो, मीच तर सांगितलं," ती हसली. डी-चार आलं, ते मी दोनदा परत म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत मी ताईंना फोन लावला. कशा आहात वगैरे काही विचारलं नाही. "ताई, त्या दिवशी डी-चार तुम्ही बरोबर वाचलं होतं. मी चुकीचं भरलं."

पलीकडून तोच आवाज, यादीवर बोट ठेवल्यासारखा. "डी-चार मी बरोबर वाचलं होतं. तू चुकीचं भरलं." मग म्हणाल्या, "पुढचं."

पुढचं मी ठरवलंच नव्हतं. "तुमची फार आठवण येते," एवढंच निघालं.

ते मात्र त्यांनी परत म्हटलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला.

"मान सरळ ठेवून बसत जा गं," त्या म्हणाल्या. "लय दुखंल पुढं."