सात सीटची गाडी आणि अर्धा किलो वांगी

मंडळी, आजची अर्धा किलो वांगी वीस रुपयांची. पण घाटंजीच्या बाजारात गाडी घालून परत काढेपर्यंत डिझेल दोनशेचं गेलं, आणि एका हातगाडीचा ओरखडा लागला तो वेगळा.

मुलगा पुण्याहून सांगतो, "बाबा, विका ती. एकट्याला छोटी गाडी पुरे." पण सायकलवर तांड्या-तांड्यांत कापड विकून वर आलेला माणूस मी. ही गाडी घेतली तेव्हा इथंच, या ग्रुपवर ऐटीत लिहिलं होतं, "आमचं कुटुंब मोठं, सात जण ऐसपैस बसतात!"

बाजारातून निघताना एका म्हातारीनं हात दाखवला. सोबत सून, दोन नातवंडं, पिशव्या. "भाऊ, तांड्यावर सोडता का? सीटचे किती घेता?"

"पैसे राहू द्या, बसा," म्हटलं.

पोरांना मागं बसायचं होतं, पण मधली सीट मला दुमडताच येईना. म्हातारी म्हणे, "गाडी तुमचीच हाय नं, भाऊ?" कशीबशी दुमडली.

वाटेत सासू-सुना गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत बोलत होत्या. मला ती समजते हे त्यांना काय माहीत! म्हातारी म्हणाली, "एकटाच दिसतो बिचारा. सोबत पाहिजे म्हणून बसवलं आपल्याला."

त्यांना तांड्यावर उतरवलं आणि घरी आलो.

विकू का मंडळी? बाजारात अडते हे खरं. पण छोटी घेतली, तर मुलं आता येत नाहीत हे मीच मान्य केल्यासारखं होईल.

गाडीला तीन वर्षं झाली. मागच्या सीटवर आज पहिल्यांदा कोणी बसलं.