हळदीच्या गाण्यातल्या आठ मात्रा

हबीबचाचा आज सकाळी गेले, आणि बातमी ऐकून मला आधी सुटल्यासारखं वाटलं.

असं लिहू नये, कळतं मला. दोनदा खोडलं. पण खरं तेच आहे.

चाचा बाळापूरचे. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. माझ्या बाबांनी गायलेलं हळदीचं गाणं आमच्याकडे अमरावतीपासून अकोल्यापर्यंत मांडवामांडवात वाजतं. त्यातलं क्लॅरिनेट चाचांचं.

रेकॉर्डिंग अकोल्यात झालं होतं, एका कॅसेटच्या दुकानावरच्या खोलीत, खिडक्यांना गाद्या लावून.

सगळ्यांनी एकदमच वाजवायचं. मध्ये जोडायची सोय नाही. त्यात बँडला संध्याकाळी वरात होती, म्हणून जे झालं तेच ठेवलं.

त्यात एक चूक राहिली. दुसरा अंतरा सुरू व्हायच्या जागी बाबांचा आवाज येत नाही, क्लॅरिनेट येतं.

पुऱ्या आठ मात्रा. मग बाबा गातात.

मी गाणं घरीच शिकले, बाबांकडे. मी घाई केली की ते पेटीवरचा हात उचलायचे.

"हबीबसारखी मध्येच घुसू नको वं!"

आमच्या घरात चुकीला नावच हबीब होतं.

दीड महिन्यापूर्वी मी त्या गाण्याची कॅसेट लॅपटॉपवर उतरवली. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. गॅस बंद केला का, हे बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत जाते. ती चूक मला बघवेना.

मी आठ मात्रा कापल्या. ठेका असा जुळला की मी स्वतःवरच खूश. अपलोड केलं.

पहिलीच कमेंट एका बँडवाल्याची: "ताई, क्लॅरिनेटचा तुकडा कुठं गेला? आमी तं तिथंच नाचवतो लोकायले."

ती कमेंट मी पुन्हा पुन्हा वाचली.

त्याच आठवड्यात कळलं, चाचा आजारी आहेत. फार दिवस नाहीत.

माणूस जायच्या आधीच मी त्याचं वाजवणं पुसलं, हे डोक्यातून जाईना. एसटीने अकोला गाठलं, तिथून बाळापूर.

चाचा खाटेवर बसले होते. सून चहा टाकत होती. मला बोलायचा धीर होईना, म्हणून फोनवर सरळ गाणंच लावलं.

चाचांचं बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं. त्या जागी आलं आणि थांबलं.

"इथं काहीतरी होतं ना, बेटा?"

"मी कापलं, चाचा. तुमची चूक होती म्हणून."

चाचा हसायला लागले. खोकला लागेपर्यंत हसले.

"माही चूक? अवं, तुह्या बापाले अंतराच आठवत नव्हता! तोंड उघडून माह्याकडे पाहून राहिला. मंग म्या अंतऱ्याची चाल वाजवली. म्हटलं, आठवंल त्याले."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"नवरदेव घोड्यावरून घसरला तं हात द्या लागते, बेटा. गावभर सांगा नाही लागत."

मी तिथूनच बाबांना फोन लावला. स्पीकरवर.

चाचा म्हणाले, "काय गवय्या, पोरीले काय शिकवून ठेवलं रे?"

बाबा आधी खाकरले.

मग म्हणाले, "विसरलो होतो मी. लाज वाटली म्हणून तुह्यावर ढकललं. सांगता सांगता मलेच खरं वाटाले लागलं."

"म्हंजे दुसऱ्यांदा विसरला!"

दोघंही हसत सुटले. मी इकडे रडतेय.

"तू कावून रडून राहिली?" चाचा म्हणाले. "च्या पी."

घरी आल्यावर चप्पल काढून आधी लॅपटॉप उघडला. आठ मात्रा परत जोडल्या. कापलेलं गाणं काढून पुरं टाकलं.

खाली काय लिहायचं ते बाबांनीच सांगितलं, माझ्या खुर्चीमागे उभं राहून: "दुसऱ्या अंतऱ्याला गायक विसरला. हबीबने सांभाळलं."

मी म्हटलं, "बाबा, लोक वाचतील."

"वाचू दे."

मग चाचांचा व्हॉइस मेसेज आला. दम लागत होता, पण मजेत होते.

"ऐकलं, बेटा. आता बरोबर चुकलं."

ही महिन्यापूर्वीची गोष्ट. चाचा त्याच्या आधी गेले असते तर ते कापलेलं गाणं मी जन्मभर कसं ऐकलं असतं, देव जाणे. म्हणून ते सुटल्यासारखं वाटणं.

आज बाबा चाचांच्या मिट्टीला, दफनाला, बाळापूरला गेले. निघताना दारात थांबले.

"पुरं आहे ना ते गाणं? हबीबचं सगळं आहे?"

"आहे, बाबा."

तरी ते गेल्यावर मी पुन्हा लावून बघितलं. गॅससारखं, दोनदा.

आहे. जागेवर आहे.

सलाम, चाचा. या तुम्ही.

अंतरा आम्ही उचलतो.