माझ्या तोंडाचा ब्रश

"हिच्या तोंडावर फरक दिसला, तर तुमच्यावर दिसणारच."

मॅडम असं म्हणल्या आणि बायका हसल्या. मीबी हसले. ते हसू आठवलं की आजबी कान गरम होतात.

तीर्थपुरीतलं एक घर. संक्रांतीचं हळदी-कुंकू. वीस-पंचवीस बायका सतरंजीवर, समोर खुर्चीवर मी. मॅडम म्हणजे आमच्या गावच्या बागायतदाराची सून. त्यांच्या मळ्यात माझी आई खुरपायला जाते, मीबी जायचे. त्यांनी ऑरगॅनिक लेपाचा धंदा काढला तेव्हा मला त्या कामाला घेतलं. कोरफड माझ्या दारची, कडुनिंब आमच्या वस्तीवरचा. गर काढायचा, पाला वाळवून वाटायचा, मुलतानी मातीत दोन्ही हातांनी मळायचं, डब्या भरायच्या. सगळं मी. डबीवर मॅडमचा फोटो.

माझ्या अर्ध्या तोंडाला लेप लावला, अर्धं तसंच ठेवलं. वाळला की पुसायचा आणि फोटो काढायचा. ही बाजू आधीची, ही नंतरची. मला कुणी ओढून न्हाई बसवलं. मीच हो म्हणलं. गोरं व्हायचं होतं ना.

खरं सांगते, ही हौस जुनी. लग्नाआधी क्रीमची दहा रुपयांची पुडी चार दिवस पुरवायचे. मंग कुणीतरी म्हणलं, नॅचरल वापर. तर लिंबू आणि खायचा सोडा चोळला. गाल सोलून निघाला. आठ दिवस तोंडावर पदर घेऊन कामाला गेले. मंग जालन्याहून हर्बल साबण आणला, तो पोरीनं आणि मी झिजंस्तोवर वापरला. मॅडमची डबी घ्यायची तर माझी ऐपतच नव्हती. म्हणून पातेल्याच्या काठाला राहिलेला लेप बोटानं खरवडून घरी न्यायचे. चोरून. माझ्याच हातानं मळलेला, आणि चोरून.

पोरगी नववीला हाय. तीबी लावायची. आरशासमोर उभी राहून विचारायची, "मम्मी, फरक पडला का गं?" मी म्हणायचे, पडून राह्यला. कुठल्या तोंडानं म्हणायचे कुणास ठाऊक.

त्या दिवशी मॅडमनी माझ्यानंतर आणखी पाच-सहा बायकांना लेप लावला. शेवटी सामान आवरताना मी ब्रश धुवायला उचलला. तर म्हणल्या, "राहू दे, तो तूच घेऊन जा. आता दुसऱ्या कुणाला चालायचा नाही."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. एकदाच वापरलेला ब्रश, मऊ केसांचा. घनसावंगीपर्यंत जीपमध्ये मांडीवर धरून बसल्ते.

घरी पोरीला सांगितलं, दुसऱ्या कुणाला चालत न्हाई म्हणून मॅडमनी दिला. तिनं तो उलटा-सुलटा करून बघितला. "बाकीच्या बायकांचे ब्रश कुठंयत?"

"त्यांना कशाला ब्रश? त्यांना मॅडमनी हातानं लावलं."

म्हणलं, आणि माझंच मला ऐकू आलं.

पोरीनं ब्रश खाली ठेवला, हात ओढणीला पुसले आणि वही घेऊन बसली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सगळं डोळ्यासमोर आलं. बाकीच्यांची हनुवटी धरून मॅडमची बोटं गालावर गोल गोल फिरत होती. "किती मऊ स्किन आहे हो तुमची." माझ्याजवळ आल्या की ब्रश. हात लांब करून, दाराला रंग द्यावा तसं. मी मळलेली माती त्यांना चालत होती, माझं तोंड चालत नव्हतं. आणि मला ते दिसलंच न्हाई. मी गालाचा रंग बघत बसल्ते.

आठ दिवसांनी बदनापूरला गेलो. परत हळदी-कुंकू, परत खुर्ची. मॅडमनी नवा ब्रश काढला. माझं अर्धं तोंड होईस्तोवर मी गप्प होते. काम जाईल हे बराबर माहीत होतं. दोन बायकांना लेप लावून झाला, तिसरीसाठी मॅडमनी बोटं डबीत घातली, तेव्हा तोंड उघडलं.

"मॅडम, मलाबी हातानं लावा."

"अगं, हायजीन असतं ते."

"मंग ह्यांनाबी ब्रशनं लावा."

मॅडम बायकांकडं बघून हसल्या. "तुझी स्किन वेगळी आहे ना गं."

"वेगळी कशी? सांगा की सगळ्यांसमोर."

मॅडम डबीचं झाकण लावत बसल्या. मी उठले. दोन्ही हात बायकांपुढं धरले. "तुमच्या तोंडावरचा लेप ह्या हातांनी मळलेला हाय. मी बुद्धवाड्यातली."

मला वाटलं, एक तरी बाई काहीतरी बोलंल. एक उठली. बेसिनकडं गेली आणि खसाखसा तोंड धुऊ लागली. बाकीच्या तिच्याकडं बघत राह्यल्या, माझ्याकडं न्हाई.

मॅडमपेक्षा मला ती बाई जास्त आठवते. तिला मी ओळखतबी न्हाई.

अर्ध्या तोंडानं स्टेशनपर्यंत चालत गेले. लोक वळून बघत होते. नळावर धुतलं. दोन्ही गाल सारखेच होते.

काम गेलं. आईचं मळ्यातलं कामबी गेलं. आई चार दिवस माझ्याशी बोलली न्हाई. पोरीला मी सांगितलं, "फरक पडत नव्हता. मी तुला खोटं सांगत होते." ती म्हणली, "माहीत होतं." तेव्हा ब्रशाच्या दिवसापेक्षा जास्त लाज वाटली.

तो ब्रश फेकला न्हाई. आरशाशेजारी खिळ्याला टांगलाय. मी कशावर खूश झाल्ते, ते रोज दिसावं म्हणून.

परवा मॅडमचा माणूस विळा आणि पोतं घेऊन आला. म्हणला, कोरफड न्यायला पाठवलंय, या टायमाला भाव वाढवून देतील. मी दारात आडवी उभी राह्यले.

"एक पान मिळणार न्हाई. विळा खाली ठेवू नको, तसाच माघारी ने."

तो गेला. परत येईल, मला माहीत हाय. मी दारातच असंल.