उशिरा पडणारा पाय

दयानंद मूळचा निपाणीचा, मी धारवाडचा. घरात मराठी आणि बाहेर कन्नड, हे दोघांचं सारखंच. मारतहळ्ळीच्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर तपासायचा आणि मी, गिरीराज, नोकरभरतीचं काम बघायचो. रविवारी दुपारी व्हाइटफील्डच्या एका हॉटेलात तो गिटार वाजवायचा, मी तबला. अशी नऊ वर्षं काढली. बिर्याणी खाताना लोक जेवढं ऐकतात तेवढंच आम्हाला ऐकायचे, पण जोडी जमली होती.

मग हॉटेलवाल्याला दोघांऐवजी एकच माणूस हवासा झाला. दयानंदने लूपर आणला. लूपर म्हणजे पायाशी ठेवायची डबी. बटण दाबून थोडं वाजवायचं, पुन्हा दाबलं की तेवढा तुकडा डबी आपणहून फिरवत बसते, आणि त्यावर आपण दुसरा, तिसरा थर चढवत जायचं. आम्ही तबलजी याला आवर्तन म्हणू. गिटारच्या लाकडावर टिचक्या मारून तो ठेकाही त्यातच भरायला लागला, म्हणजे माझी गरज संपली. हे त्याने मला फोनवर सांगितलं. नऊ वर्षांनंतर, फोनवर. मला राग आला आणि तो मी नीट जपला.

तरी अधूनमधून मी त्या हॉटेलात जाऊन खांबाआड बसायचो. त्याचं वाजवणं फसावं अशी माझी मनापासून इच्छा होती, यात लपवण्यासारखं काही नाही. पण ते फसेना. उलट त्याने एक नवीनच तऱ्हा काढली. पूर्ण कॉर्ड, म्हणजे तीन तारांचे सूर एकत्र, एकदम न वाजवता तो एका फेरीत एक तार छेडायचा, दुसरीत दुसरी, तिसरीत तिसरी, आणि तीन फेऱ्यांनी तो कॉर्ड हळूहळू हॉलभर पसरायचा. पोरंपोरी जेवण टाकून व्हिडिओ काढायची. माझा जळफळाट व्हायचा.

खरं कारण मला त्याच्या बायकोने, पवित्राने, भाजीच्या दुकानात सांगितलं. त्याच्या डाव्या हातात जोर उरला नव्हता. अंगठ्याजवळचं मांस झडलं होतं आणि तीन तारा एकदम दाबता येत नव्हत्या, म्हणून हे थर. हाडांच्या डॉक्टरने मानेतली नस दबलीय म्हणून पट्टा दिला होता. तुम्ही एकदा घरी येऊन जावा की अण्णा, असं ती म्हणाली. सरी, बघतो, म्हणून मी कोथिंबीर घेऊन निघालो. गेलो मात्र नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी त्याच्या आवर्तनाला भोक पडलं. फेरी पुरी करायचं बटण नेमकं समेवर दाबावं लागतं, आणि त्याचा पाय पाव मात्रा उशिरा पडला. बाकी कोणाला कळलं नसेल, पण मी नऊ वर्षं त्याच्या समेची वाट बघितलेला माणूस. डबीला चांगलं-वाईट कळत नाही. ती चूक दर फेरीला परत येत राहिली. मी दुसरा चहा मागवला. पुढच्या रविवारी तेच. टाच टेकवून पंजा उचलताना त्याला कष्ट पडतायत, हेही मी बघितलं. माणूस माजला की तालावरचं लक्ष उडतं, असा सोयीचा अर्थ मी लावला.

दयानंद डॉक्टरला हातच दाखवत राहिला. गिटारवाल्याचा सगळा जीव बोटांत. पाय त्याच्या लेखी बटण दाबण्यापुरता. बटणच जुनं झालं असं समजून त्याने नवी डबी मागवली, आणि पंजा उठेना तसा आख्खा पाय मांडीपासून उचलून आपटायला लागला.

नोव्हेंबरात स्टेजच्या दोन पायऱ्या उतरताना तो पडला. हातातली गिटार त्याने वर धरली आणि हनुवटीवर आपटला. मी खांबाआडून धावलो, त्याला रिक्षात घातलं. तू इथे कसा, हे त्याने विचारलं नाही. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मला माझीच शिसारी येत होती.

मोठ्या हॉस्पिटलात चार दिवस तपासण्या झाल्या. मग डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं, की स्नायूंना हलवणाऱ्या नसा एकेक करून मरतायत; हात आणि पाय, दोन्हींचं कारण एकच. हा आजार बरा होत नाही. एका औषधाने थोडे महिने मिळतात, ते जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं. अजून किती दिवस वाजवता येईल, असं दयानंदने विचारलं. त्यांनी उलट नोंदीसाठी म्हणून पाय कधीपासून असा झाला, ते विचारलं.

"महिना झाला असेल," दयानंद म्हणाला.

मी गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं.

"ऑगस्टपासून," मी म्हणालो. "तिसरा रविवार. मी ऐकलंय."

तालाच्या बाबतीत दयानंदने माझा शब्द कधी खोडला नव्हता. आताही त्याने नुसती मान हलवली. बाईंनी कागदावर ऑगस्ट लिहिलं. पवित्रा माझ्याकडे वळली.

"मग तेव्हाच का सांगितलं नाही, अण्णा?"

"तो चुकला म्हणून मला बरं वाटलं होतं," मी म्हणालो.