नवशिक्यांचा कार्डवर्ग

“आधी नियोजन!” असं म्हणून बाई टेबलावर तळहात आपटायच्या. टेबल बिचारं एका पायानं अधू. कपातला चहा बशीत यायचा, आणि नियोजनाची सुरुवात फडकं शोधण्यापासून व्हायची.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी निवृत्त शिक्षिका असेलच. नसेल तर तुमचं नशीब थोर. आमच्या बाईंनी केनवडच्या शाळेत उभा जन्म घालवला आणि निवृत्त होऊन वाशीमला, नेमक्या माझ्या घरासमोर, राहायला आल्या. यजमान गेलेले, मुलगा पुण्यात. शिकवायला दुसरं कोणी उरलं नाही, तेव्हा आम्ही सापडलो. नवशिक्या बायकांना हातानं शुभेच्छाकार्डं करायला शिकवायचं, असा चार दिवसांचा वर्ग त्यांनी काढायचं ठरवलं. दर गुरुवारी दुपारी त्याच्या नियोजनाची बैठक. दुसरी दिवाळी जवळ आली तरी वर्गाचा पत्ता नव्हता.

“बाई, वर्ग कधी घेता?” मी विचारायची.

“वर्गाचं काय वं, वर्ग कोनीबी घेते!”

कच्चा माल म्हणून जुन्या लग्नपत्रिका वापरायचं ठरलं होतं. जाड कागद, सोनेरी वेलबुट्टी, आणि फुकट. पहिल्याच पत्रिकेला कात्री लावली आणि आमच्यातल्या वच्छीचा हात थांबला. वर गणपती! गणपतीवर कात्री कोण चालवणार? शेजारी बसलेल्या विद्यानं तिच्या घरची पत्रिका काढली, तर तिच्यावर बुद्ध. “आमीबी नाही कापत हो,” ती म्हणाली. झालं! देव कसे सोडवावेत यावर महिनाभर बैठका चालल्या. राज्याचा अर्थसंकल्प याहून लवकर मंजूर होत असेल. शेवटी ठरलं, देवांच्या कडेकडेनं कापायचं आणि ते जपून डब्यात ठेवायचे. विद्या तिचे बुद्ध घरी घेऊन गेली. बाईंच्या डब्यात एवढे गणपती जमले, की संध्याकाळी त्या डब्यालाच उदबत्ती ओवाळू लागल्या.

मला वाटायचं, म्हातारीला काही उद्योग नाही. मग एका रविवारी मी तिथंच बसलेली असताना मुलाचा फोन आला. घर विकून टाकू, तू इकडेच ये, हे त्याचं नेहमीचं. बाई फोनमध्ये ओरडल्या, “येऊ कशी रे? वर्ग आहे ना माहा! बायाईले शब्द देल्ला मी!” फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

“बाविसाव्या माळ्यावर नेऊन बसवते मले. खाली पाह्यलं का चक्कर येते, वर पाह्यलं का पंखा दिसते. मले याच घरात मरायचं आहे. अन् तेबी सावकाश.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्ग सुरू झाला की संपणार, संपला की बाई पुण्याला जाणार. नियोजनाला मात्र अंत नसतो. सरकारला जे कळतं ते बाईंना कळणार नाही होय?

दिवाळीला मुलगा आला. मुलगा कर्तबगार, आणि कर्तबगार माणसं लोकांची कामं न विचारता उरकून देतात. “चार दिवस कशाला आई? दोन तासांचं काम आहे,” असं म्हणून त्यानं घरबसल्या कागद मागवला, दारावर फलक लावला आणि शनिवारी वर्ग ठेवून दिला. रविवारी घर बघायला दलाल येणार होता, सोमवारी आईला घेऊन गाडी निघणार होती. नियोजन म्हणतात ते हे!

वर्गाला आलं कोण? आम्हीच. बाईंनी संपलेलं पेन पट्टीच्या कडेनं दाबून फिरवलं, त्या रेघेवर घडी कशी घालायची ते दाखवलं. आवाज पार खाली गेला होता. टेबलाला हातसुद्धा लावला नाही. मुलगा मोबाइलवर फोटो काढत फिरत होता.

“बघ, येतंय की सगळ्यांना! झालं ना आता तुझ्या मनासारखं?”

बाई कात्र्या गोळा करायला लागल्या.

वच्छीचं माहेर शिरपूरचं, हाताला कमालीची सफाई. तिनं बाईंकडे पाहिलं, आणि समोरच्या कार्डाला अशी तिरपी घडी घातली, की दोन बाजूंचा एकमेकींशी संबंध राहिला नाही. “बाई, माह्याच्यानं नाही जमून राह्यलं.” विद्यानं फुलं उलटी चिकटवली. मी तर आतून डिंक लावून कार्ड कायमचं बंद केलं. ते उघडायला विळीच लागली असती.

“आई, यांना तर काहीच येत नाही!” मुलगा हादरला.

बाईंनी चष्म्यावरून एकेक कार्ड पाहिलं. मग एकेकीचं तोंड पाहिलं. आणि टेबलावर तळहात असा आपटला, की डिंकाची बाटली आडवी झाली.

“म्हनून तर नियोजन पाह्यजे!”

वर्ग अपुराच राहिला म्हणून मुलानंच दलालाला नकार कळवला. सोमवारी गाडीत मुलगा एकटाच होता.

संध्याकाळी बाई माझ्या दारात आल्या. “इतकं वाकडं मुद्दाम कराले लय सराव लागते वं,” म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. मलाही रडूच आलं.

पुढे बाई त्याच घरात राहिल्या आणि यंदा, उन्हाळा लागता लागता, त्याच घरात गेल्या. तेरवीच्या दिवशी मुलगा अंगणात माझ्याशेजारी उभा होता. मनापासून रडत होता, खोटं कशाला बोलू. “काय होतं हो काकू इथं तिला? शेवटपर्यंत एकटीच राहिली.”

आत पाहुण्यांसाठी चहा ठेवला जात होता. वच्छी, विद्या, सगळ्याच होत्या. वरच्या फळीवरून कप निघाले, गाळणी निघाली, कोपऱ्यातून चहा उकळायचा मोठा गंज निघाला. साखरेचा डबा कुठं असतो, हे विचारायला एकही बाई बाहेर आली नाही.