पहिली दाढी माझी

आमच्या दुकानात रोज सकाळी पहिली दाढी माझी होते. करतो दादा, माझा थोरला भाऊ. माझी कातडी सोलून निघालीय, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की याच्या हातांवर लक्ष ठेवा. दादाचं यकृत पार कामातून गेलंय. पोट साफ झालं नाही की अंगातलं विष डोक्यात चढतं, आणि मग समोर ताठ धरलेला पंजा मनगटातून खाली पडतो. मागच्या खेपेला तर त्यानं वहिनीलाही ओळखलं नव्हतं. म्हणून तो रोज हात पुढे धरतो, मी बघतो आणि खुर्चीत बसून गळा पुढे करतो. वैताग आलाय नुसता. पण गिऱ्हाइकाच्या गळ्यापेक्षा माझा बरा.

उपाय म्हणजे एक गोड, चिकट औषध. ते घेतलं की दिवसातून दोन-तीनदा जावं लागतं. जायलाच हवं. दुकानात संडास नाही, समोरच्या चहावाल्याकडे पळावं लागतं. वहिनी बिचारी मीठ मोजून रांधते, झोपण्याआधी त्याला काहीतरी खायला घालते, यकृताला बाधतात म्हणून अंगदुखीच्या गोळ्या लपवून ठेवते. आणि हा शहाणा दर रविवारी, ऐन गर्दीत, औषधाला दांडी मारतो.

"चारचौघांत किती वेळा पळू?" म्हणतो.

"पळ की. उरलेली दाढी मी करतो."

"तू? माझ्या गिऱ्हाइकाची?"

हात धरून शिकवलं त्यानंच, पण स्वतःच्या गालाला माझा वस्तरा कधी लागू दिला नाही.

काल रविवार होता. आज हात पुढे धर म्हटलं तर म्हणाला, "रोज बघतोस की." मी खुर्चीत बसलो. त्यानं माझ्या डाव्या गालाला साबण लावला. मग पुन्हा डाव्यालाच. मग पुन्हा. वस्तरा उचलला आणि हात वस्तऱ्यासकट माझ्या कानाजवळून खाली आला. मी हललो नाही. हा माणूस आपल्या हातून चाललाय, एवढंच डोक्यात आलं.

तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मग वस्तरा मिटवून माझ्या मांडीवर ठेवला, आरशामागची बाटली काढली, औषध घेतलं आणि बाजूच्या खुर्चीत जाऊन बसला. मी तोंडाला फेस तसाच ठेवून वहिनीला फोन लावला. "गाडी घेऊनच या, दवाखान्यात जायचंय."

"ती येईतो माझी करून टाक," दादा म्हणाला. शब्द जड येत होते. त्यानं हनुवटी वर केली.

मी त्याच्या गालाला साबण लावला. त्याची कातडी पिवळट आणि सैल पडली होती, ताणून धरावी लागली. मी वस्तरा उघडून गालाला लावला.

"हलक्या हातानं," तो डोळे मिटून म्हणाला. आणि अर्धी दाढी झाल्यावर, "रविवारी मी पळालो, की उरलेली तू करत जा."